सहावा फोटो

"सर, आता हा शेवटचा," म्हणत मंडळाच्या चिटणीसांनी सहावं पाकीट माझ्या हातात ठेवलं, तेव्हा आधीच्या टाळ्या पुरत्या थांबल्याही नव्हत्या.

पाच फोटो मी पाठोपाठ ओळखले होते. मागे शिक्का नाही, कोपऱ्यात सही नाही. फोटो घ्यायचा, दिव्याखाली धरायचा, डोळे बारीक करायचे आणि काढणाऱ्याचं नाव सांगायचं. डोळे बारीक करायची खरं तर काही गरज नव्हती. ते समोरच्या लोकांसाठी होतं.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली, सोलापूरची. मी तेव्हा एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो आणि दर रविवारी 'भीमातीर' दैनिकात फोटोग्राफीवर लिहीत होतो. गावात या विषयावर दुसरं कोणीच लिहीत नसल्यामुळे मी आपोआपच जाणकार ठरलो होतो. लोक 'म्हेत्रे सर, म्हेत्रे सर' करत मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे आणि मीही खुशाल चढायचो.

त्या बुधवारी संध्याकाळी छायाचित्र मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय, आमच्या गावातले रस्त्यावर फोटो काढणारे दोन कलावंत. एक मल्लेशम येमूल, पूर्व भागातला विणकर. दुसऱ्या इंदुमती काटीकर, नवऱ्यामागे त्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ चालवणाऱ्या पन्नाशीच्या बाई. दोघांचेही फोटो त्या वर्षी दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनात लागले होते, त्यामुळे आपल्याकडे असं काही आहे याची गावाला एकदम आठवण झाली होती. दोघांनाही बोलावलं होतं. मल्लेशमची कारखान्यात पाळी होती आणि बाई कुठल्याच समारंभाला जात नसत.

तासभर मी दोघांच्या शैली उलगडून दाखवल्या. मल्लेशम माणसाच्या मागे जातो, बाई माणसाची वाट बघतात. मल्लेशमचा कॅमेरा छातीशी, टॉवेलखाली. तो डोळ्याला कधी लावतच नाही. माणसाच्या हातभर अंतरावर जाऊन बटण दाबतो. म्हणून त्याच्या फोटोत हात मोठे दिसतात, कोपर चौकटीत अर्धवट कापलं जातं, रस्ता तिरका होतो आणि माणसं थेट आपल्या डोळ्यांत बघतात. बाईंचं सगळं उलट. त्या आधी जागा हेरतात. एखादी भिंत, तिच्यावरचा उन्हाचा पट्टा, एक बंद दार. मग समोर तीन-तीन तास उभ्या राहतात. कुणीतरी त्या पट्ट्यात पाऊल टाकतं आणि तेवढ्यात त्या बटण दाबतात. त्यांच्या फोटोत भिंत मोठी, माणूस लहान, रेषा ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ, आणि आपला फोटो निघतोय हे त्या माणसाला कधीच ठाऊक नसतं. "शैली म्हणजे हस्ताक्षर," मी म्हणालो. "माणूस स्वतःचं नाव लपवेल, हस्ताक्षर कुठे लपवणार? अशा तऱ्हेनं फोटो काढणारे या गावात दोघंच आहेत, आणि दोघांतला कोण, हे मी झोपेतही सांगेन."

यावर तिसऱ्या रांगेतून तपकिरी सफारी घातलेला एक गृहस्थ उठला आणि फार अदबीनं म्हणाला, "सर, मग होऊन जाऊ द्या की परीक्षा. मंडळींनी बिनसहीचे फोटो आणलेच आहेत."

आणलेच होते. तसं चिटणीसांनी आधीच ठरवलं होतं.

सहाव्या पाकिटात मात्र फोटो नव्हता. वर्तमानपत्रातलं कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं, तेही अर्धं कापलेलं. उलटलेली मिरच्यांची पाटी, तोंड वासलेली एक बाई, तिचा पंजा चौकटीबाहेर येईल इतका मोठा. डाव्या कडेला कुणाचंतरी कापलेलं कोपर. जमीन तिरकी.

"हे तर अगदीच सोपं दिलंत," मी हसत म्हणालो. "पंजा बघा. कोपर बघा. कॅमेरा छातीशी आहे. हा तर मल्ले..."

इथं मला ते कात्रण ओळखू आलं. नऊ दिवसांपूर्वी 'भीमातीर'च्या पहिल्या पानावर आलेला बाजारातला फोटो होता तो. उरलेल्या अर्ध्या भागात काय होतं हे साऱ्या गावाला पाठ होतं. ते कोपर कुणाचं हेही.

मी थांबायला हवं होतं. ठसका लागल्याचं सोंग केलं असतं तरी चाललं असतं. पण दीडशे लोक माझ्या तोंडाकडे बघत होते आणि अर्धं नाव बाहेर पडलंच होतं.

"...शम येमूल," मी वाक्य पुरं केलं.

"नक्की का सर?" सफारीवाल्यानं विचारलं.

"नक्की."

टाळ्या पडल्या. सफारीवाल्यानंही वाजवल्या. मग खाली वाकून पायातली चप्पल नीट केली आणि आभारप्रदर्शन सुरू व्हायच्या आत तो निघून गेला. त्याला कोणी आणलं होतं, हे चिटणीसांनाही सांगता येईना.

तो फोटो असा. बुधवारच्या बाजाराचं मैदान रेवणशेठ नावाच्या बड्या असामीला कुंपण घालून गिळायचं होतं. गेनू नावाच्या हमालानं बाजारातली माणसं गोळा करून त्याला विरोध केला. भर दुपारी बाजारात रेवणशेठच्या पुतण्यानं, कुमारनं, लोखंडी पहारीनं गेनूला मारलं. तिसऱ्या दिवशी गेनू गेला. चाळीस-पन्नास माणसांसमोर घडलं आणि एकानंही काही पाहिलेलं नव्हतं. कुमार त्या दुपारी अक्कलकोटला देवदर्शनाला होता, असं सांगणारे मात्र सातजण निघाले. एवढ्यात 'भीमातीर'च्या कचेरीत दाराखालून कुणीतरी एक पाकीट सरकवलं. त्यातला फोटो छापून आला. पहार वर, ते कोपर कुमारचं, त्याचा चेहरा समोर, खाली गेनू. काढणाऱ्याचं नाव संपादकालाही ठाऊक नव्हतं.

नुसत्या छापलेल्या फोटोवर कोर्ट विसंबत नाही. निगेटिव्ह लागतं, आणि तो फोटो मी काढला असं शपथेवर सांगणारा माणूस लागतो. मॅजिस्ट्रेटसाहेब रजेवर होते, ते सोमवारी येणार होते. सोमवारी कोणी उभं राहिलं नाही तर कुमार सुटणार, हे पानवालाही सांगत होता. म्हणजे रेवणशेठच्या माणसांना सोमवारच्या आत एकच गोष्ट हवी होती, फोटो काढणारा. ती मी त्यांना माइकवरून दिली होती.

गुरुवारी सकाळी शाळेला दांडी मारून मी पूर्व भागात गेलो. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. मल्लेशम रात्रपाळी करून आला होता आणि ओट्यावर बसून चहात बटर बुडवत होता. चाळिशीचा, काटक, कानांवर केस पिकलेले.

"या की सर. सकाळी सकाळीच? बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगताना माझी नजर त्याच्या पायांवर होती. तो चिडेल, ओरडेल, निदान शिवी तरी देईल असं मला वाटलं होतं. त्यानं उरलेला बटर शांतपणे खाल्ला.

"काय बघून माझा म्हणलाव?" त्यानं विचारलं.

"आता ते कशाला?"

"सांगा तर."

मी सांगितलं. पंजा, कोपर, तिरकी जमीन, छातीशी धरलेला कॅमेरा. तो एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखा मान हलवत ऐकत होता.

"दुसऱ्या कुणाचं नाव न्हाई ना घेतलाव?"

"नाही. शंकाच नव्हती."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "परत कुणी इचारलं तर हेच सांगा. बदलू नका. काल मल्लेशम, आज दुसरा, असं करू नका सर."

मला काही कळेना. "अरे, तू इथून जा. तेलंगणात तुझे नातेवाईक आहेत ना? सोमवारी सकाळी थेट कोर्टात ये. नाहीतर निगेटिव्ह आत्ता पोलिसांत दे."

"पोलिसात दिलं अन् तिथं हरवलं तर? त्याची दुसरी कॉपी न्हाई निघत." त्यानं कपातला तळाचा चहा गल्लीत ओतला. "अन् मी कुठं जात न्हाई. मी पळालो की ती लोकं हिकडं तिकडं हुडकत सुटतील. मी हितंच दिसलो पायजे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय न्हाई. तुम्ही शाळेत जावा. पोरं कागदावर शाई सांडत बसली असतील."

मी निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल उभी होती. तिच्यावर दोघं बसले होते. इंजिन बंद होतं आणि दोघंही कुठे जायच्या घाईत नव्हते.

शुक्रवारी पुन्हा गेलो, तर मोटारसायकली दोन झाल्या होत्या. मल्लेशम मात्र रोजच्यासारखा गळ्यात कॅमेरा, वर टॉवेल, असा गल्लीतून फिरत होता. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. उलट त्या दोघांजवळ जाऊन त्यांचाच फोटो काढला. याला वेड लागलंय असं मला वाटलं. त्याला घरात डांबून ठेवा म्हणून मी त्याच्या बायकोला सांगितलं. ती मागावरून न उठता म्हणाली, "मी सांगून थकले. ते म्हणतात सोमवारपत्तोर गप बस."

शनिवारी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की कोणी पालक भेटायला आलेत. चित्रकलेच्या वर्गात सफारीवाला बाकावर बसून मुलांची चित्रं बघत होता.

"सुंदर," तो म्हणाला. "लहान मुलं फार निरागस काढतात, नाही का सर? बसा ना."

माझ्याच वर्गात त्यानं मला बसायला सांगितलं आणि मी बसलो.

"एक शंका होती. तुमचा तो मल्लेशम म्हणतो, फोटो माझाच. पण निगेटिव्ह म्हणतो नाही, फेकलं. कलावंत मंडळी अशी निगेटिव्ह फेकतात का हो?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला नाही तर कुणाला माहीत असणार? म्हणून म्हटलं, मुळात आपली तर चूक होत नाहीये ना? एवढ्या लोकांसमोर तुम्ही सांगितलंत. माणसाकडून चूक होऊ शकते."

देवानं माझ्यापुढे दुसरी संधी ठेवली आहे असं मला वाटलं आणि मी ती अधाशासारखी घेतली. "होऊ शकते की. छपाई वाईट होती. फोटो अर्धाच होता. खरं म्हणजे नक्की सांगता येत नाही."

"अच्छा." त्यानं मान डोलावली. "म्हणजे मग तो काटीकरबाईंचा असणार."

मी बाकावरून अर्धवट उठलो.

"दोघंच आहेत म्हणालात ना तुम्ही?" त्याचा आवाज अजून तितकाच मऊ होता. "एक नाही तर दुसरी. बाईंचा स्टुडिओ नवी पेठेत ना? एकट्याच असतात, असं ऐकलं."

"नाही!" मी जवळजवळ ओरडलोच. "बाईंचा असूच शकत नाही. त्या अशा गर्दीत घुसतच नाहीत. त्या लांब उभ्या राहून काढतात. जन्मात तिरका फोटो काढलेला नाही त्यांनी."

"म्हणजे मल्लेशमचाच."

मी घंटेची वाट बघू लागलो. जगात कुठल्याच शाळेची घंटा इतकी उशिरा झाली नसेल.

"मल्लेशमचाच ना सर?"

"हो," मी म्हणालो.

तो उठला. जाताना एका मुलाचं चित्र पडलं होतं ते उचलून बाकावर ठेवलं, वर पेपरवेट ठेवलं. तो गेल्यावर मी वर्गाचं दार लावून घेतलं. एका माणसाला वाचवायला मी दुसऱ्याला ढकलून देत होतो, आणि दोघांपैकी कुणाला ढकलायचं याचा अधिकार मला माझ्याच बढाईनं दिला होता. त्या दिवशी मला माझी इतकी शिसारी आली की घरी जाऊन बायकोलाही तोंड दाखवावंसं वाटेना.

रविवारी दुपारी ते घडलं. रविवारी माग बंद असतात, गल्ली सुनसान असते. चौघांनी मल्लेशमला घरातून उचलून शेजारच्या बंद कारखान्यात नेलं. निगेटिव्ह मागितलं. बराच वेळ तो नाही म्हणत राहिला. मग त्यांनी एक माग चालू केला आणि त्याचा उजवा हात धरला. तेव्हा त्यानं घरातल्या पत्र्याच्या डब्यातला एक रोल काढून द्यायला बायकोला निरोप पाठवला. तो रोल त्यांनी तिथंच काडी लावून जाळला. आणि मग, बोललेलं खरं करायचं म्हणून असेल, किंवा तो पुन्हा बटण दाबू नये म्हणून असेल, त्यांनी त्याचा हात मागात घातलाच. दवाखान्याच्या कागदावर 'काम करताना अपघात' असं लिहिलं गेलं.

मला संध्याकाळी कळलं. मी दवाखान्यात गेलो, पण त्याला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. त्याची बायको बाकावर बसली होती. तिनं मला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. मी आलो तसा परत फिरलो.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्या दाराची कडी वाजली. दारात काटीकरबाई उभ्या. सुती साडी, हातात भाजीची कापडी पिशवी. बाई माझ्या घरी कधीच आल्या नव्हत्या.

"म्हेत्रे सर, तुमच्या खिडकीत ऊन येतं का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पिशवीतली मेथीची जुडी बाजूला केली, खालून एक वही काढली आणि वहीतून निगेटिव्हच्या दोन पट्ट्या. एकेका पट्टीत सहा-सहा चित्रं. "धरा खिडकीला."

मी पहिली पट्टी धरली. सहाही चित्रांत तीच भिंत. बाजाराच्या कडेची धर्मशाळेची भिंत, तिच्यावर उन्हाचा पट्टा, ओळंब्यात धरल्यासारख्या रेषा. प्रत्येक चित्रात पट्टा थोडा थोडा सरकलेला. कोणी माणूस नाही. दुसऱ्या पट्टीतही पाच चित्रं तीच. भिंत, पट्टा, वाट बघणं.

बारावं चित्र तिरकं होतं. उलटलेली पाटी, तो पंजा, ते कोपर, आणि वर उचललेली पहार.

"अडीच तास उभी होते," बाई म्हणाल्या. "एकदम लोंढा आला. कुणीतरी मागून जोरात ढकललं आणि मी त्यांच्यात जाऊन पडले. ती मिरचीवाली माझ्या अंगावर आली, म्हणून तिचा हात एवढा दिसतो. कॅमेरा गळ्यात होता. बोट बटणावर होतं. मी काय बघितलं, काय दाबलं, मला काहीच ठाऊक नाही. मी नुसती घाबरले होते सर."

 मी ज्याला मल्लेशमची शैली म्हणत होतो ती एका घाबरलेल्या बाईला बसलेला धक्का होती.

"मल्लेशमला हे माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. फोटो पेपरात आला आणि तो स्टुडिओत आला. म्हणाला, अक्का, माझा न्हाई म्हणजे तुमचाच. सोमवारपर्यंत कुणाला बोलू नका म्हणाला. तुमच्या व्याख्यानानंतर मोटारसायकलवाल्यांना चुकवून परत आला. हसत होता. म्हणाला, सरांनी आपलं काम सोपं केलं, आता ते माझ्याच मागं लागतील." बाईंनी खिडकीकडे पाठ केली. "मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता जाते आणि सांगते. तर माझ्या पायांना हात लावून म्हणाला, साहेब नाहीत तोवर कुणाला सांगणार, वाटेतच संपवतील. मी ऐकलं त्याचं. ऐकायला नको होतं."

त्यांनी पट्ट्या पुन्हा वहीत ठेवल्या आणि वर मेथी. "आता चला माझ्याबरोबर. एक म्हणजे एकटीनं जायचा धीर होत नाही. आणि दुसरं, तुम्ही गावभर सांगितलंय हा फोटो मल्लेशमचा. उद्या त्यांचा वकील तेच म्हणेल. साहेबांपुढे तुम्ही स्वतः सांगा, की मला कळत नाही, मी चुकलो."

रिक्षानं आम्ही कोर्टात गेलो. आवारात ही गर्दी. रेवणशेठची माणसं पेढे घेऊनच आली होती. मोटारसायकलीवरचे ते दोघे जिन्यापाशी कठड्याला टेकून उभे होते. आम्ही पहिली पायरी चढलो आणि वरून सफारीवाला खाली येताना दिसला. आज सफारी पांढरी होती.

"अरे वा, म्हेत्रे सर! इकडे कुठे?"

बाई माझ्या मागे एक पायरी खाली होत्या. त्यानं बाईंना कधी पाहिलेलं नव्हतं. त्या व्याख्यानाला आल्या नाहीत हे त्यांचं नशीब. 

"जमिनीचं काम आहे," मी म्हणालो. "ही माझी थोरली बहीण. बार्शीहून आलीय."

"नमस्कार ताई," तो म्हणाला. त्याची नजर पिशवीवर गेली, मेथीवर थांबली, आणि पुन्हा माझ्यावर आली. "तुमच्या बंधूंचा डोळा म्हणजे काय विचारूच नका. एक नजर टाकली की नाव सांगतात."

"हो का?" बाई म्हणाल्या. "घरात तर याला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

तो मनापासून हसला. बाजूला झाला. आम्ही चढलो. एकवीस पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर मागून तो हाक मारील असं मला वाटत होतं. त्यानं मारली नाही. रोल जळालेला होता, माणूस दवाखान्यात होता, त्याच्या दृष्टीनं काम संपलं होतं.

आत जे झालं ते अर्ध्या तासात झालं. बाईंनी आधी सरकारी वकिलांना गाठलं, आणि त्यांनी बाईंचं नाव पुकारायला सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली आणि मग एकदम शांतता. बाईंनी शपथ घेतली आणि मेथी बाजूला करून पट्ट्या टेबलावर ठेवल्या. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्या खिडकीकडे धरून बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग कुमारच्या वकिलांनी माझ्या व्याख्यानाचं 'भीमातीर'मध्ये आलेलं वृत्त वाचून दाखवलं, आणि मी उभा राहिलो.

"साहेब, ते मीच बोललो होतो," मी म्हणालो. "फोटो बघून तो कुणी काढला हे मला ओळखता येत नाही. येतं असं मी लोकांना दाखवत होतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला त्याचं काही वाटलं नाही. कुमारला आत ठेवायचा हुकूम झाला, बाईंना घरी सोडायला पोलीस दिले गेले, आणि पेढ्यांचे खोके रिक्षात तसेच परत गेले.

दुपारी मी दवाखान्यात गेलो. मल्लेशम शुद्धीवर आला होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं, आणि ते टोकाला जितकं जाड असायला हवं होतं तितकं नव्हतं. मी तिकडे बघायचं टाळलं. सकाळची हकीकत सांगितली. त्यानं डोळे मिटून ऐकली.

"अक्का घरी पोचली?"

"पोचल्या. दारात पोलीस आहेत."

"झालं मग."

मी स्टुलावर बसून रडलो. लाज वाटली नाही. डोळे बारीक करून गावभर शाबासकी गोळा करणाऱ्या माझ्यासारख्यानं रडायचं नाही तर काय करायचं? "माझा नाही म्हणून का नाही सांगितलंस रे? मला तरी सांगायचंस."

"तुम्हाला?" तो जरासा हसला. "तुमच्या पोटात काय ऱ्हातंय का सर?"

"चिडला असशील माझ्यावर."

"चिडलो की. लई चिडलो. काल तर तुमचं नाव घेऊन शिव्या दिल्या." त्यानं कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसाच पडून राहिला. "पण रातच्याला पडल्या पडल्या एक इचार आला. ते तुम्हाला सांगू का नको, असं वाटालतं."

"सांग."

"तुमचा अंदाज चुकला म्हणून अक्का जित्ती ऱ्हायली. बरोबर आला असता तर?"

 नर्सनं येऊन मला बाहेर जायला सांगितलं आणि मी गेलो.

त्यानंतर मी फोटोग्राफीवर एक अक्षर लिहिलं नाही. कारण विचारणाऱ्यांना, वेळ मिळत नाही, असं सांगत आलो. लोक समजतात की कोर्टातल्या अपमानानं मी खचलो. त्यांना काय सांगू? चूक झाली त्याची लाज माणूस कधीतरी पचवतो. मला झोपू देत नाही ते दुसरंच आहे. मी मिरवत होतो तसा डोळा मला खरोखर असता, तर त्या बुधवारी भरल्या सभेत, डोळे बारीक करून, मी काटीकरबाईंचं नाव सांगितलं असतं.